मी तर बातमी कधीच लिहिली नाही

"मॅडम, मी आजवर एकही बातमी लिहिलेली नाही. मग मी कोणत्या तोंडाने अर्ज करू?" परभणीतील माझ्या समुपदेशन कक्षात दर हिवाळ्यात हा प्रश्न येतो. शब्द थोडेफार बदलतात. कुणाची पदवी वाणिज्य शाखेची असते, कुणाचे इंग्रजी कच्चे असते, तर कुणाला वाटते की महाविद्यालयातील वक्तृत्व स्पर्धेत एकदाही बक्षीस मिळालेले नसताना संज्ञापनाच्या, म्हणजे कम्युनिकेशनच्या, एम. ए.साठी अर्ज करणे म्हणजे निव्वळ आगाऊपणा. या चिंतेचे उत्तर मला स्वतःला ज्या मुलीमुळे नीट उमगले, तिची हकिगत येथे तिच्या आणि तिच्या वडिलांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून लिहीत आहे.

ती २०२४ च्या डिसेंबरमध्ये वडिलांसोबत आली. गाव जिंतूर तालुक्यातले, चार एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. मुलगी वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील खुर्चीच्या कडेवर बसले आणि बोलायला त्यांनीच सुरुवात केली. "शास्त्र शिकली, मॅडम, अन् आता म्हणती बातम्यांचं शिकायचं. मंग ही तीन वर्षं कशाला घातली आम्ही?" मुलीने काही न बोलता पिशवीतून एक छापील कागद काढून माझ्यासमोर ठेवला. पुण्यातील एका खासगी संस्थेने प्रवेश अर्जासोबत हेतुपत्र मागितले होते, त्याचा तो मसुदा होता. इंग्रजीत लिहिलेल्या त्या पानाचा आशय असा, की अर्जदाराला लहानपणापासून पत्रकारितेची प्रचंड आवड आहे, पत्रकारिता हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे आणि समाजासाठी काहीतरी करून दाखवण्याची तिची जिद्द आहे. तालुक्याच्या गावी अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रातून तिने तो पैसे देऊन करून घेतला होता. तिला त्यातले प्रत्येक वाक्य खोटे वाटत होते, आणि हेच तिच्या अस्वस्थतेचे खरे कारण होते. पत्रकारितेची आवड तिला लहानपणापासून नव्हती आणि घरी वर्तमानपत्रही येत नव्हते.

अशा वेळी समुपदेशक जे नेहमीचे प्रश्न विचारतो ते मी विचारले. भित्तिपत्रकात लिहिलेस का, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात अहवाल कुणी लिहिला, आकाशवाणीच्या युवकांच्या कार्यक्रमात कधी भाग घेतलास का? सर्व उत्तरे नकारार्थी आली आणि प्रत्येक उत्तरासोबत तिची मान आणखी खाली गेली. आज मला वाटते की ते प्रश्नच चुकीचे होते, कारण ज्या मुलीला आपल्याकडे काहीच नाही असे वाटते आहे तिच्यासमोर मी नसलेल्या गोष्टींचीच यादी वाचत होते. वाट सापडली ती वडिलांच्या एका वाक्यामुळे, आणि तेही ते तक्रारीच्या सुरात बोलून गेले. "दिवसभर फोनवर बोलत राहती. ते विम्याचं तर साऱ्या गावाला हिनंच सांगितलं."

विम्याचे काय, असे मी विचारल्यावर जे समजले ते असे. त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि शेतात पाणी साचून सोयाबीन पिवळे पडले. पंतप्रधान पीकविमा योजनेच्या त्या वेळच्या नियमानुसार, अशा नुकसानीची पूर्वसूचना ७२ तासांच्या आत ॲपवरून, टोल फ्री क्रमांकावर, बँकेत किंवा कृषी विभागाकडे द्यावी लागत असे. हा नियम सांगणारी सरकारी सूचना गावाच्या व्हॉट्सॲप गटावर लेखी स्वरूपात आली होती. मजकूर लांबलचक होता, भाषा कार्यालयीन होती आणि 'पूर्वसूचना' हा शब्द वाचून बऱ्याच जणांचा समज झाला की हा पुढच्या पावसाचा इशारा आहे. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी या मुलीने आपल्या गावच्या बोलीत दोन मिनिटांचा आवाजी संदेश तयार केला. शेताचा गट क्रमांक हाताशी ठेवा, विम्याच्या पावतीवरचा अर्ज क्रमांक असा असा दिसतो, शेतातला फोटो असा काढा, आणि उद्या संध्याकाळच्या आत हे झालेच पाहिजे, एवढेच त्यात होते. तो संदेश फिरला. ज्या बायकांच्या हातात स्वतःचा फोन नव्हता, आणि ज्यांच्या नावावर शेती असून घरचा माणूस ऊसतोडीच्या उचलीसाठी किंवा कामासाठी बाहेरगावी होता, त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही हे लक्षात आल्यावर ती पिठाच्या गिरणीवर जाऊन बसली. आपल्या आळीतील ३१ घरांची यादी तिने एका वहीत केली होती आणि प्रत्येक नावापुढे 'आवाज', 'गिरणी' किंवा 'उशिरा कळले' असे लिहून ठेवले होते. वही कशासाठी केलीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "कोण राहिलं ते कळावं म्हणून. हे तर कुणीही केलं असतं, मॅडम."

कुणीही केले नव्हते. तिच्या वहीतील ते तीन शब्द वाचताना मला जाणवले, की एखादी माहिती कोणत्या वाटेने कुणापर्यंत गेली आणि कुठे अडली याची ही नोंद म्हणजे संज्ञापनाच्या अभ्यासाचा गाभाच आहे. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लासवेल यांनी १९४८ मध्ये या अभ्यासाची चौकट एका प्रश्नात मांडली होती: कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कुणाला सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो. ही चौकट मी तिला कागदावर लिहून दिली आणि वहीतल्या नोंदी तिच्यात बसवायला सांगितल्या. त्याहून अधिक परिणाम झाला तो दुसऱ्या एका गोष्टीचा. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांसाठी शेतीविषयक कार्यक्रम प्रसारित करण्यात आले. गावोगावी श्रोत्यांची मंडळे नेमण्यात आली होती, ती कार्यक्रम एकत्र बसून ऐकत आणि ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा करीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेल्या गावांची तुलना नुसता रेडिओ असलेल्या आणि रेडिओही नसलेल्या गावांशी केली असता, ज्ञानात सर्वाधिक भर मंडळे असलेल्या गावांत पडल्याचे दिसून आले. नुसते ऐकणे आणि ऐकून एकमेकांशी बोलणे यांतला फरक जिने गिरणीवर बसून पाहिला होता, त्या मुलीला हे सांगितल्यावर तिने पहिल्यांदा मान वर करून विचारले, "म्हणजे यावर लोक शिकतात?" शिकतात, आणि त्यासाठी विज्ञानाची पदवी आड येत नाही. बहुतेक विद्यापीठांत या अभ्यासक्रमासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. नोंद ठेवणे, तुलना करणे आणि अंदाजाला पुरावा न समजणे ही वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत लागलेली सवय पुढे संशोधनपद्धतीच्या विषयात तर थेट उपयोगी पडते.

अर्ज कुठे करावा हा प्रश्न त्यानंतर सोपा झाला, कारण काय शिकायचे हे आता तिला माहीत होते. या टप्प्यावर मी विद्यार्थ्यांना कळकळीने सांगते की अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका, विषयपत्रिका एकेक करून वाचा. पत्रकारिता, जनसंवाद, संज्ञापन, माध्यमशास्त्र अशा नावांखाली कुठे बातमीदारी व संपादनावर भर असतो, कुठे ध्वनिचित्र निर्मितीवर, कुठे जाहिरात व जनसंपर्कावर, तर कुठे माध्यमे आणि समाज यांच्या संबंधांच्या अभ्यासावर. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील माध्यम व सांस्कृतिक अभ्यास आणि अहमदाबादच्या मायका संस्थेतील व्यवस्थापनाच्या अंगाने जाणारे संज्ञापन या दोन वाटा इतक्या वेगळ्या आहेत की एकीसाठी योग्य असलेला विद्यार्थी दुसरीकडे गुदमरेल. आमच्या यादीत शेवटी तीन नावे राहिली. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे माध्यमशास्त्र संकुल, हैदराबाद विद्यापीठ हे केंद्रीय विद्यापीठ, आणि ज्या संस्थेचे हेतुपत्र तिने आणले होते ती पुण्याची खासगी संस्था.

हैदराबादचे नाव ऐकून वडील दचकले. त्यांना मी आठवण करून दिली की १९४८ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता, त्यांच्या आजोबांच्या पिढीतील मुले उच्च शिक्षणासाठी तिकडेच जात आणि आजही परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस थेट तेथपर्यंत पोहोचते. मग त्यांनी त्यांचा खरा प्रश्न विचारला. "नोकरी लागंल का?" मी त्यांना हमी दिली नाही. तालुका पातळीवरील वार्ताहराचे मानधन तुटपुंजे आणि अनियमित असते हे त्यांनी आजूबाजूला पाहिलेले होते, त्यामुळे ते लपवण्यात अर्थ नव्हता. मात्र आरोग्य, शेती, जलसंधारण या क्षेत्रांत काम करणाऱ्या संस्था, कृषी विस्तार, जनसंपर्क, नभोवाणी, आणि पुढे राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यास अध्यापन, या वाटा वर्तमानपत्राच्या बाहेरच्या आहेत आणि मुलीचा कल त्याच बाजूला आहे, हे मी त्यांना सविस्तर सांगितले. त्यांनी लगेच होकार दिला नाही. पंधरा दिवसांनी मुलगी एकटी आली आणि म्हणाली, "अण्णा म्हणाले, भर अर्ज, मंग बघू."

हेतुपत्र आम्ही पुन्हा लिहिले. ते आधी मराठीत लिही, असा माझा आग्रह होता, कारण परक्या भाषेत थेट लिहू लागलेला विद्यार्थी विचार सोडून ठरावीक वाक्यांचा आधार घेतो. तिच्या नव्या मसुद्याची सुरुवात अशी होती: "सप्टेंबरमध्ये आमच्या गावात सरकारची सूचना वेळेवर आली होती, पण ती कळली नाही. येणे आणि कळणे यांच्यामध्ये काय घडते ते मला शिकायचे आहे." पुढे वहीतील नोंदी, त्यांच्यातून तिला पडलेले दोन प्रश्न, आणि त्या संस्थेच्या अभ्यासक्रमातील कोणते विषय त्या प्रश्नांना भिडतात याचा उल्लेख होता. विशेषणे जवळजवळ नव्हती. इंग्रजी रूपांतर तिने स्वतःच केले. मी फक्त व्याकरण तपासले, आणि दोनतीन ओबडधोबड वाक्ये मुद्दाम तशीच राहू दिली, कारण मुलाखतीत समोर बसणारी मुलगी आणि कागदावरची मुलगी एकच वाटली पाहिजे. शिफारसपत्रासाठी ती एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीच्या शोधात होती. मी तिला तिच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकांकडे पाठवले, कारण प्रात्यक्षिकाच्या वेळी ही मुलगी इतरांना कसे समजावून सांगते हे त्यांनी तीन वर्षे पाहिले होते.

कागदपत्रांबद्दल थोडेच, पण महत्त्वाचे. इतर मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांजवळ राज्याच्या नमुन्यातील नॉन क्रिमिलेअर प्रमाणपत्र असते. केंद्रीय विद्यापीठासाठी ते चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातील वेगळे प्रमाणपत्र काढावे लागते आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे की नाही हेही पाहावे लागते. आमचे तीन आठवडे यातच गेले. विद्यापीठ बदलणार असल्यास स्थलांतर प्रमाणपत्राचा अर्ज निकालानंतर लगेच करावा. केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीयूईटी-पीजीत, या विषयाचे ७५ प्रश्न असतात, बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. प्रश्नपत्रिका इंग्रजीसोबत हिंदीतही असते, ही गोष्ट मराठी माध्यमातील अनेक मुलांना ठाऊकच नसते.

हैदराबादला तिचा प्रवेश झाला नाही, कारण परीक्षेतील गुण कमी पडले. मार्चमधील त्या परीक्षेच्या तयारीला तिला दोनच महिने मिळाले होते, आणि ती माझ्याकडे दिवाळीपूर्वी आली असती तर बरे झाले असते असे मला अजूनही वाटते. पुण्याच्या संस्थेत मुलाखत पाऊण तास चालली, त्यातील बराचसा वेळ त्या वहीवरच गेला आणि तिची निवड झाली. परंतु शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च चार एकरांच्या उत्पन्नात बसणारा नव्हता, आणि कर्ज काढायला तिने स्वतःच नकार दिला. त्या आठवड्यात ती फार खचली होती. मी तिला समजावत बसले नाही, फक्त रोज फोन करत राहिले. नांदेडला तिने प्रवेश घेतला तो काहीशा नाराजीनेच.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे आणि संशोधन प्रकल्पासाठी तिने गावातील आवाजी संदेशांचाच विषय घेतला आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, तो वहीची चौकशी करायला. घरी कुणाला सापडत नव्हती, म्हणून माझ्याकडे राहिली असेल असे तिला वाटले. माझ्याकडे नव्हती. चार दिवसांनी वडिलांचा फोन आला. वही त्यांनीच सोयाबीनच्या पावत्यांसोबत लोखंडी पेटीत जपून ठेवली होती आणि रविवारी ती घेऊन ते स्वतः नांदेडला जाणार होते. "एसटीच्या पार्सलात टाकायची वस्तू न्हाई ती, मॅडम," ते म्हणाले.