टेबलाची लिमिट आधी वाच, बाबा

परवा परभणीच्या मोंढ्यात तू म्हणालास, "रुलेटमध्ये हरलं की डबल लावायचं, कधीतरी निघतंच." फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर, लाल की काळ्या रंगावर थांबते, त्यावर पैसे लावायचा हा ॲपवरचा जुगार मीही वर्षभर असाच खेळलो, म्हणून सांगतो.

प्रत्येक टेबलाला कमीत कमी आणि जास्तीत जास्त रक्कम ठरलेली असते. समज, 10 ते 1000 रुपये. दहापासून डबल करत गेलास तर सातवा डाव 640 चा. तोही हरला की 1270 गेले, आणि आठवा 1280 चा लावताच येत नाही. बटणच दबत नाही. तिथंच माझा हात थांबला होता. ही लिमिट ॲपवाल्यांचा धोका आवरायला असते, तुझा नाही. एका आकड्यावरची लिमिट लाल-काळ्यापेक्षा वेगळी असते. ती टेबलाच्या माहितीच्या बारीक खुणेमागं सापडते. बोनस, म्हणजे ॲपनं वर दिलेले पैसे, त्यांची लिमिट तर अटींच्या पार तळाशी. ती ओलांडली की जिंकलेलंही रद्द करतात.

खेळणाऱ्याला जपणारी लिमिट वेगळी. ब्रिटनमध्ये 2025 पासून ऑनलाइन स्लॉटवर (बटण दाबून चित्रं जुळवायचा जुगार) एका डावाला जास्तीत जास्त 5 पौंड, 18 ते 24 वयाला 2 पौंड, हे सरकारनं ठरवलं.

आपल्याकडं त्याच वर्षी केंद्राच्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली. तुझं ॲप तरीही चालतंय, म्हणजे त्यातली लिमिट त्यांच्या मर्जीची. पैसे अडकले तर दाद कुणाकडं मागशील?

सोयाबीनची पट्टी आत्ताच जमा झाली आहे, खताची उधारी बाकी आहे. रविवारी येतो, ते ॲप आपण मिळून काढू.