हृदयविकाराची रजिस्ट्री कशासाठी?

प्रश्न : वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा रुग्णालयाने ‘रजिस्ट्री’साठी संमती मागितली. केस पेपर असताना ही वेगळी नोंद कशाला?

उत्तर : केस पेपर एका रुग्णाची हकिगत सांगतो, रजिस्ट्रीत मात्र अनेक रुग्णालयांतील रुग्णांची माहिती एकाच नमुन्यात भरली जाते. छातीत कधी दुखू लागले, रुग्ण दारात किती वाजता आला, पहिला ईसीजी आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कधी मिळाले, घरी जाताना कोणती औषधे लिहून दिली, हे सारे त्यात असते (वेळ घड्याळ बघून लिहिलेली हवी, मागाहून आठवून नव्हे). भारतातील 50 शहरांतल्या 89 केंद्रांच्या ‘क्रिएट’ रजिस्ट्रीचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले की निम्म्या रुग्णांना रुग्णालय गाठायला सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागला होता, तर दाखल झाल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंतचा मध्यक कालावधी 50 मिनिटांचा होता. म्हणजे मोठा खोळंबा रुग्णालयाच्या दाराबाहेरच होत होता.

अर्थात नुसते आकडे जमवून रुग्ण वाचत नाहीत. केरळमध्ये 63 रुग्णालयांत तपासणी-यादी, प्रमाणित सूचना आणि कामगिरीचा नियमित आढावा यांची चाचणी झाली, पण 30 दिवसांतील मृत्यू व गंभीर गुंतागुंतींत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि ही प्रामाणिक कबुलीही मला मोलाची वाटते. स्वीडनच्या तर राष्ट्रीय रजिस्ट्रीच्याच आधाराने 7,244 रुग्णांवर चाचणी झाली आणि अँजिओप्लास्टीपूर्वी गुठळी शोषून काढल्याने 30 दिवसांतील मृत्यू कमी होत नाहीत, हे 2013 साली स्पष्ट झाले.