शेगडीचा एकच बर्नर पिवळा जळत असेल, तर तो बदलावा का?

आपल्या तीन बर्नरच्या शेगडीतील डावीकडचा बर्नर काही दिवसांपासून पिवळा जळतो, पातेल्यांची बुडे काळी होतात आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाने तो बदलायला सांगितला आहे, असे आपण लिहिले आहे. नवा बर्नर आणण्यापूर्वी एक साधी पडताळणी करावी. शेगडी पूर्ण गार झाल्यावर, रेग्युलेटर बंद करून, तो बर्नर आणि त्याच मापाचा दुसरा बर्नर यांची अदलाबदल करावी. पिवळी ज्योत बर्नरबरोबर दुसरीकडे गेली, तर दोष बर्नरचा आहे. ती डावीकडेच राहिली, तर दोष खालच्या नळीत किंवा जेटमध्ये (नळीत गॅस सोडणाऱ्या, बारीक छिद्राच्या पितळी तोटीत) आहे आणि नव्या बर्नरचे पैसे वाया जातील.

सिलिंडरमधील गॅस पूर्ण जळण्यासाठी त्याच्या आकारमानाच्या २५ ते ३० पट हवा लागते. जेटच्या बारीक छिद्रातून वेगाने सुटणारा गॅस यातील काही हवा नळीच्या तोंडाशी स्वतःच ओढून घेतो, आणि उरलेली ज्योतीला भोवतालून मिळते. ओढली जाणारी हवा कमी पडली, की कार्बनचे कण अर्धवट जळतात. तेच पिवळे चमकतात आणि तेच भांड्याला काजळी होऊन चिकटतात. (भाताचे खारट पाणी उतू गेल्यावर मधूनच दिसणारी नारिंगी झाक मात्र मिठाची असते आणि ती थोड्या वेळाने जाते.)

आम्ही एकदा महिनाभर गावी राहून परतलो, तेव्हा आमच्याही एका बर्नरची हीच तक्रार होती. मी बर्नर दोनदा घासला, तरी फरक पडला नाही. शेवटी नळीत बाटली धुण्याचा बारीक ब्रश फिरवला, तेव्हा त्याला कापसासारखे पांढरे जाळे गुंडाळून बाहेर आले. कोळ्याने रिकाम्या घरात तेवढीच जागा पसंत केली होती!

दोष बर्नरचाच निघाला, तर तो कोमट पाण्यात लिंबू पिळून अर्धा तास ठेवावा, छिद्रे सुईने एकेक करून मोकळी करावीत आणि तो पूर्ण वाळल्यावरच बसवावा, कारण आत पाणी राहिले तर ज्योत फडफडते. जेटमध्ये मात्र सुई किंवा स्टोव्हची पिन घालू नये. पितळ मऊ असल्याने छिद्र मोठे होते आणि गॅस जास्त सुटू लागतो. ते काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

सगळेच बर्नर एकदम पिवळे झाले असते, तर मी निराळा विचार केला असता. सिलिंडर संपत आल्यावर ज्योत लालसर होते, हा घरोघरचा अनुभव आहे. पुण्या-मुंबईत पाइपच्या गॅसवर चालणारी शेगडी गावी नेऊन जेट न बदलता सिलिंडरला जोडली, तरी मोठ्या पिवळ्या ज्वाळा निघतात, कारण पाइपच्या गॅससाठी जेटचे छिद्र मोठे ठेवलेले असते. अशी शेगडी वापरूच नये.

साफसफाईनंतर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून कधीही तपासू नये. वास आलाच, तर रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणांना हात लावू नये आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.