स्तनाच्या ऑपरेशनमध्ये नर्सचं नेमकं काम काय असतं? घरी वेगळी नर्स ठेवावी लागते का?

तुमच्या मावशींचं पुढच्या आठवड्यात मुंबईत ऑपरेशन आहे. पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढणार, ड्रेनसकट (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी आणि तिचा डबा) घरी सोडणार. तुम्ही विचारताय, इंजेक्शन-ड्रेसिंग सोडून नर्स असं करते तरी काय, आणि चिपळूणला आणल्यावर घरी नर्स ठेवली नाही तर चालेल का? नाही ठेवलीत तरी चालेल. पण पहिला अर्धा प्रश्न वाचून राहवलं नाही. माझी निम्मी नोकरी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात गेली आणि निम्मी सर्जिकल वॉर्डात, सगळी रत्नागिरी जिल्ह्यात. आणि हेच वाक्य मी आमच्या घरात, चारचौघांत ऐकून घेतलेलं आहे.

माझ्या थोरल्या नणंदेचं, वन्संचं, हेच ऑपरेशन झालं. मुंबईलाच. तिथे सगळं व्यवस्थित झालं, त्याबद्दल तक्रार नाही. डिस्चार्ज मिळाल्यावर भावोजी, म्हणजे वन्संचे यजमान, त्यांना रात्रीच्या कोकणकन्येनं घेऊन निघाले. पहाटे रत्नागिरी स्टेशनवर मी आणि हे गाडी घेऊन उभे. वन्सं उतरल्या त्या चेहरा पांढराफटक, डावा हात जुन्या साडीच्या झोळीत गळ्यात बांधलेला. ड्रेनचा डबा भावोजींच्या हातात, कापडी पिशवीत गुंडाळलेला. रात्रभर तो वरच्या हुकाला टांगून ठेवला होता म्हणे. आणि प्रवासात सांडायला नको म्हणून नळीची चाप बंद केलेली!

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. हा डबा भात्यासारखा असतो, दाबून चपटा करायचा आणि बूच लावायचं. तो फुगायला बघतो, त्या ओढीनं जखमेतलं पाणी नळीतून खेचलं जातं. डबा पूर्ण फुगला की ओढ संपली. चाप बंद असली तर ओढ असून उपयोग नाही. वन्संचा डबा टम्म फुगलेला होता आणि आत पाणी जेमतेम तळाला. घरी आल्यावर झोळी सोडून पाहिलं तर टाक्यांच्या खाली कातडी डबडबलेली, बोट टेकवलं की आत पाणी हलतंय. हात धुतले, नळी बंद असल्याची खात्री केली, बूच काढून डबा रिकामा केला, दाबून चपटा केला, दाबलेला असतानाच बूच लावलं आणि मग चाप उघडली. लालसर पाणी सरसर यायला लागलं. वॉर्डात फोन लावून तिथल्या सिस्टरला सगळं सांगितलं. ती म्हणाली, येतंय ना, मग थांबा, संध्याकाळपर्यंत फुगवटा उतरला नाही तर घेऊन या. उतरला.

भावोजी निवृत्त मास्तर, त्यामुळे समोरचा माणूस चौथीतला आहे असं धरूनच बोलतात. म्हणाले, "वहिनी, तुमचं इंजेक्शनपुरतं ठीक आहे. हे डॉक्टरांचं काम आहे, तुम्ही हात लावू नका."

त्या दिवसापासून पडवीतल्या कालनिर्णयवर मी रोज सकाळी सातला आकडा लिहायला लागले. औषधाच्या मापानं मोजून १२०, ९०, ९०, ६०, असं. शेजारी रंग. आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर, हा क्रम बरोबर. पिवळं झालेलं पुन्हा लालभडक आलं, किंवा डबा अचानक तासाभरात भरला, तर कालनिर्णय सोडून गाडी काढायची. मध्येच भावोजींना घाई झाली. घरी पाहुणे येणार, ते डबडं दिसायला बरं नाही, गावातल्या कुणाकडून तरी काढून घेऊ. मी आकडा दाखवला. बहुतेक सर्जन २४ तासांत ३० मिलीच्या खाली, तेही सलग दोन दिवस आल्याशिवाय ड्रेन काढत नाहीत. लवकर काढला की आत पाणी साठतं आणि मग सुईनं ओढायला पुन्हा पुन्हा खेपा. (ड्रेन निघाल्यावरही थोडं पाणी साठू शकतं, घाबरू नका, दाखवा.)

पण खरं भांडण झालं ते हातावरून. हात हलवायचा नाही, टाके तुटतील, असं भावोजींनी ठरवलेलं, शेजारणीही तेच सांगणाऱ्या. "डॉक्टरांनी रेस्ट लिहिलाय," हे त्यांचं म्हणणं. डिस्चार्ज कार्ड मागून घेतलं. रेस्ट लिहिलेलं होतंच. मागे एक घडी घातलेला कागद टाचलेला होता, व्यायामाच्या चित्रांचा. घडी उघडलेलीच नव्हती. वॉर्डातल्या कुठल्या तरी सिस्टरनं त्यावर पेननं 'रोज' लिहून खाली दोन रेघा मारलेल्या.

झोळी मी तिथेच काढली. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. स्वतःचे केस स्वतः विंचरायचे. ड्रेन असेपर्यंत कोपर खांद्याच्या रेषेच्या वर न्यायचं नाही, तो निघाल्यावर भिंतीवर बोटांनी वर चढायचं. पडवीच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा केल्या, रोज आदल्या खुणेच्या वर. वन्सं रडायच्या, मला शिव्या द्यायच्या, भावोजी उठून अंगणात जायचे. पण काखेतल्या गाठी काढलेला खांदा महिनाभर बांधून ठेवलात तर तो आखडतो. आणि पुढे रेडिएशनच्या आखणीला हात डोक्याच्या वर ठेवून निश्चल पडून राहावं लागतं. हात वर जात नसेल तर आधी खांदा सोडवा, मग या, असं सांगून परत पाठवतात. त्यात आठवडे जातात. वन्संचा हात गेला वर, पहिल्याच वेळी. भावोजी आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की डॉक्टरांनी वाचवलं. वाचवलंच. पण ती पेन्सिल डॉक्टरांनी नव्हती धरली.

ओटीत सिस्टर काय करते तेही विचारलंत. बाई जागी असताना तिच्याच तोंडून नाव आणि बाजू वदवून घेते, फाइल वाचून नव्हे. बाजूवर खूण झाली आहे का बघते. सलाईनची सुई आणि बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला लावते. हात बाजूला पसरून बांधताना तो ९० अंशांच्या पलीकडे जाऊ देत नाही, नाहीतर नस ताणली जाऊन जाग आल्यावर हात बधिर. चिरा घेण्याआधी तासाभरात अँटिबायोटिक गेलं की नाही बघते, कापसाच्या घड्या मोजते. आणि काढलेला स्तन लेबल लावून, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये, शक्यतो तासाच्या आत घालते. तिथे उशीर झाला तर हार्मोन रिसेप्टरचा (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणारा) रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणजे पुढची कित्येक वर्षांची गोळी बाईला मिळायचीच नाही. आमच्याकडे ती बरणी नातेवाइकांच्या हाती कोल्हापूरला तपासायला जायची. आत फॉर्मॅलिन पुरेसं आहे का आणि झाकण घट्ट आहे का, हे बघणारी कोण होती वाटतं?

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ऐकालच. मासळीनं जखम पिकते ही थाप आहे. वन्संना मी बांगडे, अंडी, कुळथाचं पिठलं, सगळं घातलं. नुसत्या पेजेवर जखम भरत नाही.

काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला जन्मभर जपायचं. कोयती-विळीचं काम, कोळंबी सोलणं, बागेतले काटे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काजूच्या बिया. चिकानं कातडी भाजते, तिथून जंतू शिरतात आणि हात सुजतो. बांगड्या त्या हातात घट्ट नकोत. बिया सोलायच्याच असतील तर हातमोजे घाला. हे सांगितल्यावर भावोजी हसले होते, तेव्हा मी त्यांना एक गोष्ट ऐकवली. विल्यम हॉल्स्टेड म्हणून अमेरिकेतले सर्जन, स्तन काढायचं जुनं मोठं ऑपरेशन त्यांच्या नावानं कित्येक दशकं चाललं. त्यांच्या ओटीतल्या कॅरोलिन हॅम्प्टन या सिस्टरचे हात जंतुनाशक औषधानं सोलवटून निघायचे, म्हणून १८८९च्या सुमारास त्यांनी रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले. ऑपरेशनला रबरी मोजे घालायची रीत तिथून पसरली. पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. भावोजी म्हणाले, "म्हणजे शोध डॉक्टरांचाच."

आता थोडं सावरून. मी सांगितलं ते पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्यावरचं. निळा रंग टोचून काखेतल्या फक्त पहिल्या एक-दोन गाठी तपासल्या असतील तर हात सुजण्याचा धोका बराच कमी असतो, एवढं कडक पथ्य लागत नाही. (त्या रंगानं दिवसभर लघवी हिरवी-निळी होते, घाबरू नका.) पोटाचं किंवा पाठीचं मांस वापरून नवा स्तन केला असेल तर व्यायामाचं वेळापत्रक वेगळं, माझं ऐकू नका. मावशींना मधुमेह असेल तर जखमेकडे जास्त लक्ष. थंडी वाजून ताप, जखमेभोवती लाली पसरणं, वास येणारं पाणी, यात वाट बघायची नाही. नळी बाहेर सरकली तर आत ढकलू नका, स्वच्छ कापड दाबून धरा आणि दाखवा.

रात्रीच्या गाडीनं आणणार असाल तर खालचा बर्थ घ्या, डबा छातीच्या खाली, चाप उघडी. पुढून उघडणारे दोन सैल ब्लाऊज आधीच शिवून ठेवा. ड्रेन मोजायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या, जो आकडा लिहून ठेवेल. पैसे देऊन बाई ठेवायचीच तर पाणी भरायला आणि धुण्याला ठेवा, ते मावशींना बरेच महिने जमायचं नाही.