वाचकांचे प्रश्न : प्रभागाची हद्द, मतदान केंद्र आणि थोडक्या मतांचा निकाल

सोलापूर महानगरपालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्याआधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मधली. मधल्या काळात शहर वाढले, घरे बदलली आणि आपला प्रभाग कोणता, केंद्र कोणते, हे अनेकांना नव्याने शोधावे लागले. त्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. पत्रांत ज्या उमेदवारांची वा कर्मचाऱ्यांची नावे होती, ती गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ शेळगीत एकाच रस्त्यावर समोरासमोर राहतो. या वेळी माझा प्रभाग एक आणि थोरल्या भावाचा दुसरा. आमच्याकडे एका जागेचा निकाल फारच थोडक्या मतांनी लागला, त्यामुळे हद्द मुद्दाम अशी ओढली असे लोक उघड बोलतात. हद्द ठरवण्याला काही नियम आहे की नाही?

नियम आहे आणि तो लोकसंख्येच्या आकड्यांवर उभा आहे. महापालिकेच्या जागा १०२ आणि २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार ५५८. म्हणजे एका जागेमागे ९,३२९ माणसे येतात. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी त्यामुळे ३७,३१६ इतकी होते आणि प्रत्यक्ष प्रभाग या सरासरीच्या दहा टक्के खाली-वर, म्हणजे सुमारे साडेतेहतीस हजार ते एक्केचाळीस हजार यांच्या दरम्यान बसवावा लागतो. शहरातील २६ प्रभागांपैकी २४ प्रभाग चार सदस्यांचे आणि दोन तीन सदस्यांचे आहेत. ही जुळवाजुळव घरे मोजून होत नाही, तर जनगणनेचे प्रगणक गट एकमेकांना जोडून होते. एका प्रगणकाने जेवढी वस्ती मोजली तेवढा तो तुकडा, आणि तो शक्यतो फोडायचा नसतो. हद्द मोठा रस्ता, नाला, रेल्वेमार्ग अशा जमिनीवर ओळखता येणाऱ्या खुणा धरून न्यायची असते. रस्ता हद्द ठरला की त्याच्या दोन कडांची घरे दोन प्रभागांत जाणारच. आपणा भावांच्या बाबतीत तसेच झाले असण्याची शक्यता अधिक आहे आणि केवळ तेवढ्यावरून हेतूचा आरोप टिकणार नाही.

मात्र लोकांचा संशय अगदीच निराधार आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या शेळगी, बाळे, मजरेवाडी, सोरेगाव अशा भागांत २०११ नंतर नगरामागून नगरे उभी राहिली. रचना मात्र २०११ च्याच आकड्यांवर झाली. कागदावर सारखे दिसणारे दोन प्रभाग मतदार यादीत सारखे राहत नाहीत, ते यामुळे. शिवाय २०२२ मध्ये तीन सदस्यांच्या पद्धतीने केलेली रचना बाजूला पडून पुन्हा चार सदस्यांची रचना आली, तेव्हा हद्द म्हणजे सत्तेवर असलेल्याची सोय, अशी समजूत झाली तर नवल नाही. त्यात भर पडते ती अधिसूचनेच्या भाषेची. प्रभागाची व्याप्ती आणि मग उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चार बाजू तीत दिलेल्या असतात. अमुक नाल्यापासून तमुक मिळकतीच्या भिंतीपर्यंत, तेथून रस्त्याने पूर्वेकडे, असे ते वर्णन चालते. ज्याचे घर त्या रेषेवर आहे त्यालाही ते वाचून आपण आत की बाहेर हे कळत नाही. प्रत्येक सीमेवरच्या गल्लीचे आणि सोसायटीचे नाव स्पष्ट छापणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न : भवानी पेठेत आमच्या तीन पिढ्या राहिल्या. सकाळी नेहमीच्या शाळेत गेलो तर यादीत नाव नाही. दुसऱ्या शाळेत पाठवले, तेथून तिसऱ्या. वडील वयस्कर आहेत, ते कंटाळून घरी परतले. विधानसभेला मत दिले होते, मग नाव गेले कुठे?

नाव बहुधा गेले नव्हते, दुसऱ्या प्रभागात पडले होते. राज्य निवडणूक आयोग स्वतः मतदार नोंदवत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतली जाते. या निवडणुकीसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. मग त्या यादीचे भाग पत्ते पाहून प्रभागनिहाय तोडले जातात. विधानसभेच्या यादीभागाची सीमा आणि प्रभागाची सीमा एकच नसते, आणि जुन्या पेठांतील पत्ते तर निव्वळ घर क्रमांक व पेठेचे नाव एवढ्यावर लिहिलेले असतात. घरी न जाता टेबलावर बसून तोडणी केली की एकाच घरातली माणसे दोन प्रभागांत विखुरतात.

यावर इलाज प्रारूप यादी प्रसिद्ध होते त्या दिवसांतच असतो. लेखनिकाची चूक, चुकीच्या प्रभागात गेलेले नाव, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीत न आलेले नाव, एवढ्याच बाबतींत हरकत घेता येते आणि दुरुस्ती होते. मुदत संपली की केंद्रावरचा केंद्राध्यक्ष यादीत एक अक्षर वाढवू शकत नाही, कितीही ओळखीचा असला तरी. आपल्या वडिलांसारख्या मतदाराला उन्हात तीन शाळा फिराव्या लागल्या ही गोष्ट आम्हाला अतिशय लागली. केंद्र बदलले असेल तर जुन्या शाळेच्या फाटकावर नव्या केंद्राचा पत्ता मोठ्या अक्षरांत लावायला कसलाही खर्च येत नाही.

प्रश्न : मी विड्या वळते. मला दोनच उमेदवार पसंत होते, म्हणून दोन बटणे दाबून निघाले, तर मॅडमनी परत बोलावले. न आवडणाऱ्याला मत देण्याची सक्ती आहे का?

सक्ती नाही, ताई. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क आणि ड अशा चार जागांसाठी चार मते द्यावी लागतात. मतपत्रिकेचे रंगही वेगळे असतात : अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. चारही जागांचे बटण दाबले गेले की मग लांब आवाज येतो आणि आपले मतदान पूर्ण होते. ज्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तेथे शेवटचे ‘नोटा’चे बटण दाबावे. त्यांनी बोलावले ते योग्यच केले, फक्त हे आधी सांगायला हवे होते.

प्रश्न : माझ्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेले होते. केंद्रावर ‘आता काही होत नाही’ असे सांगितले. खरे आहे का?

खरे नाही. ओळख पटल्यावर आपल्याला प्रदत्त मतपत्रिका मिळायला हवी होती. ती कागदी असते, तीवर खूण केल्यावर ती वेगळ्या पाकिटात मोहोरबंद होते. मतमोजणीत ती धरली जात नाही, म्हणून पुष्कळ लोक ती नाकारतात. नाकारू नये. निकाल चार-सहा मतांचा असेल आणि प्रकरण न्यायालयात गेले तर ही पाकिटेच पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

प्रश्न : आमच्या केंद्रावर यंत्र बंद पडले, बराच वेळ रांग थांबली आणि यंत्रमागाच्या पाळीला जाणारे लोक मत न देताच निघून गेले. आमचा उमेदवार थोडक्यात पडला. फेरमतदान मागता येईल का?

यंत्र बिघडल्यास राखीव यंत्र आणून मतदान पुढे चालवतात आणि आधीच्या यंत्रातली मते शाबूत राहतात. साडेपाचला वेळ संपली तरी त्या क्षणी रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देऊन मतदान करू द्यावे लागते. जे आधीच निघून गेले त्यांच्यासाठी मात्र काही करता येत नाही, आणि केवळ खोळंब्यासाठी फेरमतदान होईल अशी आशा धरू नये.

फेरमोजणीचा अर्ज उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने निकाल जाहीर होण्याआधी, कारणे देऊन, लेखी करायचा असतो. त्यानंतर उरते ती निवडणूक याचिका, आणि तिची मुदत अवघी दहा दिवसांची आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ झेडजीनुसार प्रभागांच्या हद्दीचा कायदा न्यायालयात प्रश्नांकित करता येत नाही. याचिकेत केंद्रावर काय घडले आणि त्यामुळे निकाल कसा बदलला, हेच दाखवावे लागते. त्यासाठी यंत्र किती वाजता थांबले, किती वाजता सुरू झाले, रांगेत किती माणसे होती, हे मतदान प्रतिनिधीने त्याच वेळी केंद्राध्यक्षांना लेखी देऊन पोच घेतलेली असली पाहिजे. एकेका मताचे मोल पाहायचे तर २०१७ ची मुंबई आठवावी : प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लावावा लागला.

प्रश्न : आता पाच वर्षे काहीच करता येणार नाही का?

करता येईल. २०२७ ची जनगणना होत आहे आणि पुढील रचना नव्या आकड्यांवर होण्याची अपेक्षा आहे. आपल्या घराची, भाडेकरूंसह, नोंद नीट होते आहे ना हे पाहावे. सध्याची अंतिम अधिसूचना आणि नकाशा मिळवून आपले नगर कुठे तुटले आहे ते सोसायटीच्या वहीत आताच लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या प्रारूपावर हरकत घेण्याच्या थोड्या दिवसांत नुसत्या तक्रारीऐवजी गल्लीनिहाय निवेदन देता येईल, आणि सुनावणीला त्या गल्लीतले चार जण प्रत्यक्ष हजर राहतील.