खडी कठीण, तरी क्यूब नापास?

प्रश्न : दगड जितका कठीण, तितकं काँक्रीट मजबूत, हे खरं का?

नेहमीच्या कामात फारसं नाही. साध्या इमारतीतल्या काँक्रीटची ताकद चौरस मिलिमीटरला 20 ते 30 न्यूटन असते. चांगला बेसॉल्ट किंवा ग्रॅनाइट सहज 100च्या वर जातो. म्हणजे आधी हार मानतं ते सिमेंट, नाहीतर सिमेंटची दगडावरची पकड. ताकद तपासायला दाबून फोडलेले क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुना ठोकळे, लगेच फेकू नका, तुटलेली बाजू बघा. खडी अख्खी सुटून मागे गुळगुळीत खळगा राहिला असेल, तर पकड कच्ची : खडीवर धूळ होती किंवा पाणी जास्त झालं. खडीच दुभंगली असेल, तर दगड ठिसूळ असेल किंवा सिमेंट दगडाच्या तोडीचं झालं असेल. हे दुसरं 60च्या पुढच्या काँक्रीटमध्ये दिसतं आणि दगड निवडून घेण्याची खरी गरज तिथेच पडते.

प्रश्न : नदीतले गोटे घ्यावेत की क्रशरची खडी?

क्रशरची खडी पकड चांगली धरते, पण माल तितकाच सैल ठेवायला पाणी जास्त मागते. त्यामुळे दोघांतला फरक वाटतो तेवढा उरत नाही. मी नाकारतो ती चपटी, लांबट खडी. ती पाणीही पिते आणि तिच्याखाली पोकळ्याही राहतात.

प्रश्न : 20ऐवजी 40 मिमी खडी चालेल?

इमारतीचा जाड पाया असेल तर चालेल, सिमेंटही थोडं वाचेल. बीम-कॉलममध्ये सळयांत अडकेल.

प्रश्न : सिमेंट, खडी, माप सगळं तेच. तरी पावसाळ्यातले क्यूब ताकदीत कमी का भरतात?

वाळूचा ढीग उघडा होता का? हिशोब करा. 50 किलोच्या गोणीला 25 लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.5. सोबतच्या 100 किलो वाळूत 5 टक्के ओलावा असेल, तर 5 लिटर पाणी न मोजताच आत गेलं. गुणोत्तर 0.6 झालं, ताकद उतरली. त्यात फर्म्याने, म्हणजे मापाच्या खोक्याने, मोजत असाल तर आणखी घोळ : ओलसर वाळू फुगते, 20-30 टक्क्यांपर्यंतही, आणि भरलेल्या फर्म्यात वाळू कमीच येते. वाळू वजनावर घ्या. सकाळी थोडी वाळू तोलून तव्यावर कोरडी करा, पुन्हा तोला. जेवढं वजन घटलं त्या प्रमाणात मिक्सरमधलं पाणी कमी करा.