पुण्यातून दुबईत एजंट म्हणून येताना : कमिशन कधी येतं, भाडं कधी जातं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बाणेर-बालेवाडीत घरविक्रीचं काम करता, महारेराची नोंदणी आहे, दुबईतल्या एका ब्रोकरेज कंपनीने पगार नाही पण निम्मं कमिशन या बोलीवर बोलावलंय. बायको आणि पहिलीतली मुलगी लगेच सोबत आणावी का, आणि घर कुठे घ्यावं?

कामाची मला काळजी वाटत नाही, ते तुम्हाला येतं. काळजी रोख पैशाची आहे. दुबईत भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक पहिल्याच दिवशी द्यावे लागतात. कमिशन मात्र सौदा पुरा झाल्यावर येतं, कधी त्यानंतरही बरेच आठवडे थांबावं लागतं. या दोन तारखांमधलं अंतर न मोजता आलेली माणसं चांगली एजंट असूनही वर्षाच्या आत परत जाताना दिसतात. म्हणून माझं स्पष्ट मत: आधी एकटे या, किमान सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा, आणि दोन-तीन सौद्यांचे पैसे खात्यात आल्यावर कुटुंबाला आणा.

आता ऑफर लेटर. 'कमिशन ओन्ली' असलं तरी कामगार मंत्रालयाच्या करारात काहीतरी मूळ पगार लिहिलेला असतो. तो आकडा नीट पाहा. कुटुंबाचा व्हिसा काढायला महिना ४,००० दिरहॅम पगार, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, अशी अट आहे. कंपनीने करारात त्याहून कमी लिहिलं तर तुम्ही महिन्याला तीस हजार कमावत असलात तरी कागदावर अडता. ग्रॅच्युइटीही मूळ पगारावरच मोजतात. दुसरं, व्हिसाचा आणि भरतीचा खर्च कामगाराकडून घेणं कायद्याने मना आहे. काही कंपन्या तो पहिल्या कमिशनमधून कापतात, तेव्हा 'कापणार नाही' हे लेखी घ्या. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने. त्या काळात इथेच दुसरीकडे जायचं असेल तर एक महिन्याची नोटीस लागते. आणि कमिशनबद्दल तीन प्रश्न सही करण्याआधीच विचारा: वाटा कंपनीच्या खात्यात पैसे आल्यावर किती दिवसांत मिळतो, लीड (संभाव्य ग्राहकाचा संपर्क) कंपनीने दिली तर वाटा बदलतो का, आणि नोकरी सोडल्यावर अडकलेली कमिशनं मिळतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक कंपन्या गुळमुळीत देतात, आणि तिथेच पैसा बुडतो.

महारेराचं प्रमाणपत्र इथे कुठलीही सूट मिळवून देत नाही. दुबई लँड डिपार्टमेंटच्या अखत्यारीतली इथली रेरा वेगळी. तिच्यासाठी दुबई रिअल इस्टेट इन्स्टिट्यूटचं प्रशिक्षण, परीक्षा आणि दुबई पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र लागतं. मग ब्रोकर कार्ड मिळतं, ते दरवर्षी नवं करायचं. कार्डावरचा क्रमांक 'दुबई रेस्ट' अॅपवर कुणालाही तपासता येतो. कार्ड हातात येईपर्यंत ग्राहकाशी करार नाही आणि जाहिरातही नाही. प्रत्येक जाहिरातीला 'तरखीसी' परवाना लागतो. पुण्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून मोकळं व्हायची सवय असते, ती इथे मोठ्या दंडात नेते. पर्यटक व्हिसावर येऊन काम सुरू करा असं कुणी सुचवलं तर सरळ नकार द्या.

सौद्याची रीत. विकणाऱ्याशी फॉर्म ए, घेणाऱ्याशी फॉर्म बी, मग दोघांमधला करार म्हणजे फॉर्म एफ, आणि त्यासोबत साधारण १० टक्क्यांचा चेक. त्यानंतर बिल्डरकडून एनओसी, आणि शेवटी ट्रस्टी ऑफिसात (लँड डिपार्टमेंटने नेमलेलं नोंदणी केंद्र) मॅनेजर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतः काढलेला चेक, देऊन हस्तांतर. टायटल डीड, म्हणजे मालकीचा दाखला, तिथल्या तिथे मिळतं. कमिशन बहुधा २ टक्के, वर ५ टक्के व्हॅट. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क सांगायची सवय असेल, इथे लँड डिपार्टमेंटचे ४ टक्के सांगायचे.

एक हिशेब पाठ करून ठेवा. १२ लाख दिरहॅमचा फ्लॅट, खरेदीदार इथे नोकरी करणारा परदेशी, पहिलं घर, कर्ज ८० टक्के. त्याच्याकडे स्वतःचे २,४०,००० हवेत. शिवाय लँड डिपार्टमेंटचे ४८,०००, कमिशन व्हॅटसह २५,२००, ट्रस्टीचे ४,२००, कर्ज नोंदणीचे ०.२५ टक्के म्हणजे २,४०० आणि वर २९०. बँकेचं मूल्यांकन वगैरे धरून सव्वातीन लाख रोख. फेब्रुवारी २०२५ पासून बँका फी आणि कमिशनचे पैसे कर्जात धरत नाहीत. त्यामुळे 'वीस टक्के आहेत' म्हणणाऱ्या ग्राहकाला फ्लॅट दाखवण्याआधी हा आकडा सांगा, नाहीतर दोन आठवडे उन्हात फिरून सौदा बँकेच्या दारात मरतो.

बाकीचे सौदे मोडतात ते ठरलेल्या जागी. विकणाऱ्याची सर्व्हिस चार्जची थकबाकी असली की एनओसी अडते. त्याचं स्वतःचं कर्ज असलं तर ते आधी फेडावं लागतं आणि ते कुणाच्या पैशाने फेडायचं यावर दोन-तीन आठवडे जातात. बँकेचं मूल्यांकन ठरलेल्या किमतीच्या खाली आलं की फरक खरेदीदाराने रोख भरायचा. आणि घरात भाडेकरू असेल तर नव्या मालकाला स्वतः राहण्यासाठी नोटरीमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टाने बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. 'लगेच राहायला येतो' म्हणणाऱ्याला असा फ्लॅट दाखवू नका.

पुण्या-मुंबईचे ओळखीचे गुंतवणूकदार ही तुमची खरी जमेची बाजू आहे. त्यांना एलआरएसची, म्हणजे भारतातून परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा आधी सांगा: एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर. दिरहॅम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, म्हणजे सुमारे ९,१८,००० दिरहॅम. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर दुप्पट. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात हप्ते कोणत्या आर्थिक वर्षात पडतात ते त्यांच्या सीएकडून तपासून घ्यायला लावा. असे सौदे पटकन होतात आणि बिल्डर कमिशनही जास्त देतो, पण ते खरेदीदाराने ठराविक रक्कम भरून नोंदणी झाल्यावर निघतं आणि त्याला महिने लागू शकतात. नवे एजंट फक्त याच कामाच्या मागे लागतात. मी म्हणेन, पहिलं वर्ष भाड्याचं कामही करा. ७०,००० च्या भाड्यावर ५ टक्के म्हणजे ३,५००, त्यात तुमचे १,७५०. रक्कम छोटी, पण आठवड्याभरात हाती येते आणि इमारती पाठ होतात.

हेच गणित आता भाडेकरू म्हणून लावा. ७०,००० चं वन बेडरूम चार चेकवर घेतलं तर पहिल्या दिवशी लागतात: पहिला चेक १७,५००, डिपॉझिट ५ टक्के म्हणजे ३,५०० (सामानासकट घर असेल तर १० टक्के), एजंटचे व्हॅटसह ३,६७५, इजारीचे (भाडेकराराची सरकारी नोंदणी) दोनशे-सव्वादोनशे, आणि 'देवा' (DEWA) या दुबईच्या वीज-पाणी मंडळाचं डिपॉझिट २,००० व वर जोडणीचे शे-सव्वाशे. झाले २७,००० दिरहॅम, फर्निचरच्या आधी. 'देवा'च्या बिलात दरमहा आणखी एक ओळ येते, वार्षिक भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फीचा बारावा भाग, इथे २९२ दिरहॅम. एसीसाठी डिस्ट्रिक्ट कूलिंगची (अनेक इमारतींना एकत्र थंडावा पुरवणारी) कंपनी वेगळी असेल तर तिचं डिपॉझिट वेगळं, आणि घर बंद ठेवलं तरी तिचा स्थिर आकार चालूच राहतो. 'चिलर फ्री' (एसीच्या थंडाव्याचा खर्च भाड्यातच) लिहिलेलं घर दोन-तीन हजारांनी महाग असलं तरी उन्हाळ्यात बहुधा स्वस्त पडतं.

चेकबाबत फार सावध राहा. २०२२ पासून पुरेशी रक्कम नसल्याने परत गेलेला चेक बहुतेक वेळा फौजदारी गुन्हा राहिला नाही, पण चेकधारक थेट अंमलबजावणी न्यायालयात जाऊ शकतो आणि प्रवासबंदीपर्यंत गोष्ट पोचू शकते. ज्याचं उत्पन्न अनियमित आहे त्याने कमी भाड्याच्या लोभाने एका चेकवर घर घेऊ नये. चार किंवा सहा चेक मागा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. सही करण्याआधी टायटल डीडवरचं नाव आणि चेक ज्याच्या नावाने मागितलाय ते नाव एकच आहे का पाहा. दुसरं नाव असेल तर कुलमुखत्यारपत्र मागा. इजारी झाल्याशिवाय 'देवा'ची जोडणी होत नाही आणि कुटुंबाचा व्हिसाही अडतो, म्हणून 'इजारी नंतर करू' म्हणणाऱ्या मालकाचं घर घेऊ नका.

भाडेवाढीचा नियम २०१३ च्या ४३ क्रमांकाच्या आदेशात आहे. तुमचं भाडं रेराच्या निर्देशांकातल्या भाड्यापेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ शून्य. त्यापुढे ५, १०, १५ अशी पायरी चढत कमाल २० टक्के. अटी बदलायच्या तर ९० दिवस आधी कळवावं लागतं. जानेवारी २०२५ पासूनचा नवा निर्देशांक इमारतीच्या दर्जावर भाडं ठरवतो, तेव्हा शेजारच्या इमारतीच्या भाड्याचा दाखला चालत नाही.

एकटे असताना राहायचं कुठे? करामा, बर दुबईत वाटून घेतलेल्या घरात खोली मिळते, पण प्लायवूडची पार्टिशनं घातलेल्या घरात जाऊ नका. महापालिका ती तोडते आणि रात्रीत बाहेर पडावं लागतं. इजारीत सहनिवासी म्हणून तुमचं नाव टाकायला तयार असलेल्याच घरात खोली घ्या. कुटुंब आल्यावर कुसैस, अल नहदा बघा. ग्रीन लाइन मेट्रो जवळ, भारतीय शाळा तिथे आणि गरहूद, ऊद मेथा भागात. ऑफिस मरिना किंवा जेव्हीसीकडे (जुमेरा व्हिलेज सर्कल) असेल तर डिस्कव्हरी गार्डन्स सोयीचं. शारजात भाडं बरंच कमी, पण सकाळी दुबईकडे येणारी गर्दी आणि सालिकचे टोल, गर्दीच्या वेळी प्रत्येकी ६ दिरहॅम, रोज मोजावे लागतात. दहा वाजता घर दाखवायचं असलेल्या एजंटला ते परवडत नाही.

गाडीशिवाय जून ते सप्टेंबर हे काम होत नाही. भारतीय परवाना इथे बदलून मिळत नाही, चाचण्या द्याव्याच लागतात आणि बहुतेकांना शिकवणीही घ्यावी लागते. पाच वर्षांहून जुना परवाना असेल तर शिकवणीचे तास कमी होतात, म्हणून मूळ परवाना सोबत ठेवा. चार ते सात हजार दिरहॅम धरा. शनिवार-रविवार सुट्टीचे, म्हणजे घरं दाखवायचे. मुलीला वेळ द्यायचा तर तो सोमवार-मंगळवारी काढावा लागतो, हे घरी आधी बोलून घ्या.

निघण्याआधी पदवी आणि विवाह प्रमाणपत्र राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएईचा मुंबईतला वाणिज्य दूतावास या क्रमाने साक्षांकित करून घ्या. नुसतं अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय साक्षांकन शिक्का) इथे चालत नाही. इथे आल्यावर यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का वेगळा घ्यायचा. भारतातल्या बँकेतलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करा. मुलीसाठी सीबीएसई शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तेव्हा तुम्ही सप्टेंबर-ऑक्टोबरात आलात तर हिवाळ्याचा चांगला हंगाम कामाला मिळेल आणि मार्चअखेर कुटुंबाला आणता येईल. शाळेचा अर्ज त्याच्या बराच आधी करा. केएचडीएच्या (दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावर प्रत्येक शाळेची फी आणि तपासणी अहवाल आहे. ऑफर लेटर आलं की मूळ पगाराची आणि कमिशनची कलमं नावं झाकून इथे लिहा, बघून सांगेन.